पांढऱ्या डोळ्यांची बाई आणि आईचा दगड

आई बाजाराला निघाली की पिशवीत सगळ्यात आधी दगड टाकायची. ओढ्यातला, गुळगुळीत, काळसर, तळहातात बरोबर बसणारा. लग्न होऊन आमच्या रिहे गावात आल्यावर पहिल्याच वर्षी तिने तो शोधून काढला होता आणि आधी पिठाच्या गिरणीत, मग रेशनच्या दुकानात तोलून तो एक किलोचा आहे याची खात्री करून घेतली होती. बाजारात कुठल्याही दुकानदारापुढे बसली की ती भाव विचारायच्या आधी दगड काट्यावर ठेवायची. काट्याने बरोबर किलो दाखवला तर माल घ्यायचा, नाहीतर दगड उचलून पिशवीत टाकायचा आणि उठायचं. भांडण करायची नाही. फक्त जाता जाता मला सांगितल्यासारखं करून शेजारच्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणायची, "चल शितल, काटा खोटा हाय." बाजारातले निम्मे लोक तिला ओळखून होते. ती लांबून दिसली की कांदेवाला आपणहून काटा पुसायला घ्यायचा.

अशा आईच्या पोटी जन्मल्यावर मी भोळी निघणं शक्यच नव्हतं. आमच्या घरात संशय मिठासारखा होता, सगळ्यात थोडा थोडा पडायचा. दुधात बोट बुडवून नखावर थेंब उभा राहतो का ते बघायचं, तेलाचा वास घ्यायचा, पाहुणा चहा नको म्हणाला तर तो का नको म्हणाला यावर संध्याकाळभर बोलायचं. माझे वडील, म्हणजे आबा, शेती करून शेजारच्या एका फार्महाऊसवर माळीकाम बघायचे आणि तरीही रोज सकाळी बांधावर जाऊन यायचे. भावकीतल्या कुणी रात्रीत बांध सरकवला तर नाही ना, हे बघायला. मी स्वतः मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी हुंगल्याशिवाय पीत नसे. आजही पीत नाही. माझी नातवंडं यावरून मला खूप चिडवतात.

तर असं हे घर एका फोनपुढे कसं काय वाकलं, याचं मला अजून नवल वाटतं.

शाळा बंद होती आणि धडे फोनवर यायचे, त्या दिवसांतली गोष्ट. मी आठवीत होते. आबांचा जुना फोन, ज्याच्या काचेला कोपऱ्यात तडा होता, तो माझ्या शाळेसाठी मोकळा करून दिला होता. पण रिह्यात आमच्या आळीला नेट नव्हतं. देवळाच्या पायरीवर उभं राहिलं तर बोलण्यापुरती रेंज यायची, तीही तुटक. नेट हवं असेल तर डोंगर चढायचा. वरती सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक मोठा धोंडा होता, त्याच्या माथ्यावर बसलं की हिंजवडीकडच्या बिल्डिंगा दिसायच्या आणि फोनवर सगळ्या दांड्या भरायच्या. त्या धोंड्यावर आमची शाळा भरायची. वरच्या वाडीतली यमुना माझ्याच वर्गात होती. तिच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे ती माझ्या आधी येऊन धोंड्याखाली वाट बघत बसलेली असायची आणि आम्ही दोघी एका फोनवर, डोक्याला डोकं लावून शिकायचो. आता त्या डोंगरावर टॉवर उभा आहे आणि गावातल्या कुठल्याही मोरीत बसून जगाशी बोलता येतं. पण तेव्हा सगळं जग त्या धोंड्यावर यायचं आणि आम्ही पोरं ते खाली घेऊन यायचो. सकाळी रिकामा फोन वर जायचा आणि दुपारी मोळीसारखा भरून उतरायचा. काकीचे मेसेज, मामाचे मेसेज, भावकीच्या ग्रुपवरची गुलाबाची फुलं, सगळं माझ्याच पाठीवरून घरात यायचं.

संध्याकाळी ते वाचून दाखवायचं कामही माझंच. आई चौथीपर्यंत शिकली होती, पण फोनवरची बारीक अक्षरं तिला लागत नसत, आणि आबा म्हणायचे की त्यांचे डोळे दिवसभर उन्हात वापरून झालेले आहेत. भात झोडून झालं होतं ते दिवस. घरभर नव्या इंद्रायणीचा वास, अंगभर कुसळं, कितीही अंघोळ केली तरी मानेला खाज. आई चुलीपुढे भाकऱ्या थापायची, तव्याच्या कडेला सुकट भाजत ठेवलेली असायची आणि मी उंबऱ्यावर बसून दिवसभराचा माल एकेक करून उघडायचे. थाप, थाप, थाप, असा भाकरीचा आवाज चालू असायचा. मजकूर महत्त्वाचा असला की तो थांबायचा.

त्या संध्याकाळी तो थांबला आणि बराच वेळ परत सुरूच झाला नाही. मेसेज सूसच्या काकीचा होता. काकी म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, सुनंदाकाकी. ते दोघं लग्नानंतर लवकरच पुण्याच्या कडेला, सूसला सोसायटीत राहायला गेले होते आणि काकीला जगातल्या सगळ्या बातम्या आमच्या आधी कळायच्या. मी वाचायला लागले. सर्व पालकांना नम्र विनंती. मुलांच्या फोनमध्ये एक बाई येते. तिचे डोळे पांढरे असतात, पापण्या हलत नाहीत. ती आधी मुलांशी गोड बोलते, मग कामं सांगते आणि शेवटच्या कामात मूल हाताला लागत नाही. लक्षणं पुढीलप्रमाणे. मूल पहाटे उठतं का? फोन लपवतं का? हातांवर ओरखडे दिसतात का? एकटं उंच जागी जाऊन बसतं का? आज तुम्ही मुलाचा फोन तपासला का? नसेल तपासला तर उद्या जे होईल त्याला जबाबदार तुम्हीच.

वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की ही तर माझीच हकिगत आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारीला लाईट पहाटे यायची म्हणून आबांबरोबर मी पहाटे उठायचे. दव लागू नये म्हणून फोन ओढणीत गुंडाळून पोटाशी लपवून न्यायचे. भाताच्या पातीने कापलेले हात तर सगळ्या गावाचे होते. आणि उंच जागी? उंच जागी गेल्याशिवाय मला गणित कसं कळणार होतं? शेवटच्या ओळीपाशी मी क्षणभर अडखळले. तेवढं पुरलं.

"का थांबलीस?" आई म्हणाली.

"संपलं."

"संपलं का गाळलंस? परत वाच."

मी परत वाचलं. तिने पिठाचे हात तसेच ठेवून माझी बाही वर सारली आणि चुलीच्या उजेडात माझे हात बघितले. तिच्या स्वतःच्या हातांवर माझ्या दुप्पट ओरखडे होते, ते तिला दिसले नाहीत.

"ही कुटली बाई? तुला दिसलीया का?"

"नाही गं आई. असली कुणी बाई नाही."

"आसती तर तू सांगितलं आसतंस?"

याला काय उत्तर द्यायचं? आरोप माझ्यावर, साक्षीदार मी आणि कागद वाचणारीही मीच. मी एक अक्षर गाळलं नव्हतं, तरी ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या डोळ्यांदेखत काट्याखाली बोट लावलंय. मला तिचा इतका राग आला की मी ती सुकट तशीच ठेवून, नुसती कोरडी भाकरी खाऊन उठले. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तितं फार्महाऊसवर वायफाय हाय. म्यानेजरला इचारू का, व्हरांड्यात बसू देतोय का पोरीला?" यावर आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर तो विषय परत निघाला नाही. फोनमधल्या बाईपेक्षा फार्महाऊसवरच्या माणसांची तिला जास्त भीती होती, आणि त्यात तिचं फारसं चुकत नसावं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन बंद करून फडक्यात बांधला आणि भाताच्या कणगीत कोपरभर खोल पुरला. माझा डोंगर बंद झाला. मी पडवीत बसून समोर सड्याकडे बघायचे. यमुना धोंड्याखाली बसलेली असणार हे मला माहीत होतं आणि तिला निरोप धाडायचाही रस्ता नव्हता. गंमत अशी की फोन कणगीत गेल्यावर आईचंही काही ठीक चालेना. ती बाई पुढे काय करते आहे, कुणाच्या घरात शिरली, हे कळायचा मार्गच बंद झाला होता. भाकरी थापता थापता ती मध्येच विचारायची, "काय आलं आसंल आज?" आणि मग तिलाच आठवायचं.

काकी मात्र गप्प बसली नाही. तिने आबांच्या दुसऱ्या, बटणाच्या फोनवर फोन केला. आबा देवळाच्या पायरीवर एका पायावर उभे राहून बोलले आणि घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. काकीचं म्हणणं, पोरीला डोंगरावर मोकळं सोडायचे दिवस राहिलेले नाहीत. पुढच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार आणि मला सूसला घेऊन जाणार. तिथे चोवीस तास कुणी ना कुणी घरात असतं, गेटला वॉचमन असतो. शिवाय तिचा आरव दोन वर्षांचा, त्याच्याशी खेळायला मी होईन. शाळेचं काय ते पुढे बघू, सगळं पूर्ववत झालं की.

"पुढं बघू" म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. काकीला नोकरी लागली होती आणि आरवला सांभाळणारी मावशी दिवाळीत गावी गेली ती परत आली नव्हती, हे मला मामाच्या बोलण्यातून आधीच ठाऊक होतं. आमच्या आळीतली एक मुलगी अशीच बहिणीचं बाळ सांभाळायला म्हणून गेली होती. ती परत आली ती थेट हळदीला. मी पडवीत बसून हिशेब जुळवत होते. बाई काकीने पाठवलेली, भीती काकीने घातलेली आणि उपायही काकीच्याच घरात. मी आईला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "गप बस. ती तुझी चुलती हाय." पण मला तिच्या आवाजावरून कळलं की हाच हिशेब तिनेही करून बघितलेला आहे, फक्त तो जुळतो की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. काकी खोटं बोलत असेल तर मला पाठवायचं नाही. पण ती बाई खरी असेल तर? तर मला घरी ठेवून घेणारी तीच आणि जबाबदार तीच. मेसेजमधला तो शब्द तिच्या मनात कुसळासारखा अडकला होता. कणगीवर हात ठेवून ती एकदा आबांना म्हणाली, "उद्या काय झालं तर गाव मला इचारंल. आनि गावाचं जाऊ द्या. मी मला काय सांगू?" आबा मान हलवून म्हणाले, "जाऊ दे मग चार म्हैनं." ते ऐकून मी मोरीत जाऊन रडले. तेही तोंडात ओढणी कोंबून, कारण रडण्याचाही त्यांना संशय आला असता.

त्याच आठवड्यात आम्ही पौडच्या बाजाराला गेलो. एक नवा शेंगदाणेवाला बसला होता, चकचकीत काटा घेऊन. आईने दगड ठेवला. आकडा आला तो बराच पुढचा. आईने दगड उचलला, माझ्याकडे वळली, "चल शितल," एवढं म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने म्हटलंच नाही. भर बाजारात, लोकांचे धक्के खात, दगड हातात धरून ती उभी राहिली. शेंगदाणेवाल्याला वाटलं ही आता दगड मारते. तो मागे सरकला. येताना जीपमध्ये, माझ्या कानाशी तोंड आणून तिने विचारलं, "शितल, फोनला दगड कुटं ठेवायचा?"

मला काहीच कळलं नाही.

"आगं, काटा खरा का खोटा हे कसं कळतं? आपल्याला ठावं आसल्याली वस्तू टाकून. ती बाई खरी का खोटी हे मला ठावं न्हाई. पन मी येक गोष्ट टाकली, मला पक्की ठावं आसल्याली, खोटीच, तर फोन तिचं वजन काय दाखवील?"

दुसऱ्या दिवशी तिने कणगीतून फोन काढला, पदराने पुसला आणि माझ्याबरोबर स्वतः डोंगर चढली. लाकडं आणायला ती पूर्वी रोज चढायची, त्यामुळे माझ्या पुढेच होती. यमुना धोंड्याखाली बसलेली होतीच. आईला बघून ती पळायच्या बेतात होती, पण आईने तिला पदरातली भाकरी दिली आणि शेजारी बसवून घेतलं. मग धोंड्यावर मांडी घालून, हिंजवडीकडे तोंड करून तिने थाप रचायला सुरुवात केली. ती सांगायची आणि मी लिहायचे.

"लिव्ह. ती बाई फोनात येऊ नये म्हून उपाय हाय. फोनला काळा दोरा बांधायचा."

"काळा दोरा तर सगळेच बांधतात आई. कुणी आपल्यामुळे बांधला ते कसं कळणार?"

ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली, त्या सगळ्या दिवसांत. "मग आपली खून घालू. दोऱ्यात भाताची लोंबी बांधायची. कुसळासकट. शेरात कोन बांधतंय फोनला लोंबी? दिसली की समजायचं, आपलीच."

लोंबी तिला पटकन सुचली याचं कारण आमच्या दारावरच होतं. नवं भात आलं की आम्ही लोंब्यांचं तोरण बांधतो, ते चांगलं वर्षभर वाळत लटकत असतं. मी तिचं बोलणं शुद्ध करून लिहीत होते. तिने थांबवलं. "वर नम्र इनंती घातलीस का? त्याबिगर कुनी वाचत न्हाई. आनि शेवटी हात जोडल्यालं चित्र टाक." यमुनाने सुचवलं की एका मोठ्या बाईंना याचा गुण आला असं लिहा. आईने नको म्हटलं. "मानूस घालायचा न्हाई. नुसता दगडच टाकायचा." असं ते तयार झालं आणि तिने ते तिच्या भावाला, मारुंजीच्या मामाला पाठवायला सांगितलं. मामाने तिकडे खोल्या भाड्याने दिल्या होत्या, त्याच्या फोनवर भाडेकऱ्यांचे, भावकीचे, देवस्थानाचे असे डझनभर ग्रुप होते आणि आलेली गोष्ट स्वतःजवळ ठेवणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं.

खाली उतरल्यावर फोन परत कणगीत गेला आणि आम्ही दोघी वाट बघायला लागलो. मी असली वाट पुन्हा कधी बघितली नाही, बाळंतपणातही नाही. लोकांनी आमची थाप मानली तर काटा खोटा, आणि मी घरी. पण लोक शहाणे निघाले, लोंबीच्या गोष्टीला हसले आणि ती पुसून टाकली, तर? तर फोनवर येतं ते लोक पारखून घेतात असं ठरणार, आणि ती पांढऱ्या डोळ्यांची बाई खरी ठरणार. मग मला सूसला जावं लागणार. मी देवाला रोज सांगत होते, जगाला थोडं मूर्ख राहू दे. आई जीपवाल्याचा फोन बघायची, फार्महाऊसवर येणाऱ्या ड्रायव्हरांचे फोन बघायची, दुकानात कुणाच्या खिशातून काय डोकावतंय ते बघायची. कुठेही लोंबी नव्हती. शनिवार आला. संध्याकाळी तिने माझे दोन ड्रेस धुऊन वळणीवर टाकले. ते बघितल्यावर मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

रविवारी काकी आली. काका गाडीतच आरवला घेऊन बसले, त्याला झोप लागली होती. आईने नव्या तांदळाची खीर केली होती. काकी पडवीत बसली, घाम पुसला आणि लगेच मुद्द्यावर आली.

"ताई, बॅग भरली का शितलची? उशीर नको, चांदणी चौकात फार ट्रॅफिक लागतं."

आईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. काकीने गार वाटावं म्हणून पदराने वारा घेतला आणि दुसऱ्या हातातला फोन चटईवर उपडा ठेवला. फोनला पारदर्शक कव्हर होतं. कव्हराच्या आत, चपटी झालेली, कुसळं मोडलेली एक लोंबी होती आणि वरून काळा दोरा गुंडाळलेला होता.

मी खिरीची वाटी हातात धरून उभी होते ती तशीच उभी राहिले. आईने ती बघितली. चेहऱ्यावरची एक रेष हलू न देता तिने विचारलं, "सुनंदा, हे काय गं फोनला?"

"अय्या, तुम्हाला माहीत नाही? त्या बाईवर उपाय आहे तो. एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. भाताच्या कुसळामुळे त्या लहरी अडतात म्हणे. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी बांधलंय. पण लोंब्या मिळत नाहीत हो ताई, गेटवर एक जण विकायला बसतो तर नुसतं गवत देतो. मी म्हटलं तुमच्याकडे ढिगाने असतील. जाताना एक जुडी द्या मला, लोकांना वाटायला."

डॉक्टर! आम्ही एक साधा दगड टाकला होता आणि काट्याने तो डॉक्टरांसकट परत दिला होता. पाठीमागे आबा एकदम खोकायला लागले आणि उठून गोठ्याकडे गेले. नंतर बराच वेळ गोठ्यातून तो खोकला येत होता.

"आनि ह्ये तुला कुटं आलं?" आईने विचारलं. "ती बाई ज्यात आली त्यातच?"

"हो, त्याच ग्रुपवर. सगळं खात्रीचं असतं त्यावर."

"आसंल," आई म्हणाली. "सुनंदा, शितल न्हाई यायची."

काकीचा चेहरा पडला. तिने खूप समजावलं. जमाना कसा आहे, आईबापांनी जागं राहायला हवं, उद्या काही झालं तर. बोलता बोलता तिचा हात सारखा फोनवरच्या लोंबीकडे जात होता आणि ती कुसळं चाचपून बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. मी तोपर्यंत काकीला पक्की कपटी ठरवून बसले होते. पण ते बघितल्यावर माझा हिशेब जरा डळमळला. ती खरंच घाबरलेली होती. आरव अजून नीट बोलतही नव्हता, फोनमध्ये तो फक्त गाणी बघायचा, तरी ती त्याच्यासाठी घाबरलेली होती. मग मला न्यायचं होतं ते भीतीमुळे, की मावशी मिळत नव्हती म्हणून? मी त्यावर पुष्कळ वर्षं विचार केला आहे. काकी आता थकली आहे, मला भेटली की माझा हात सोडत नाही, आणि अजूनही मी ते तिला विचारलेलं नाही. बहुतेक दोन्ही असेल. माणसं एका कामाला एकच कारण घेऊन निघतात यावर माझा विश्वास नाही.

थाप आमची आहे हे आईने तिला सांगितलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "तिला तेवढाच आधार हाय, कशाला काढून घ्यायचा?" तिने खळ्यावरून लोंब्यांची चांगली मोठी जुडी आणून गाडीत ठेवली आणि आरवच्या कपाळाला अंगारा लावला. गाडी ओढ्यापलीकडे गेल्यावर वळणीवरचे माझे दोन ड्रेस काढून, घडी घालून तिने परत पत्र्याच्या पेटीत ठेवले. मी खीर खायला बसले. दोन वाट्या खाल्ल्या, वर पातेल्याला लागलेलीही खरवडून खाल्ली.

सोमवारी सकाळी आबांनी कणगीत हात घालून फोन काढून दिला. त्याच्या फटींत कोंडा गेला होता, तो मी काडीने साफ केला. यमुना वाट बघत असेल म्हणून मी घाईने भाकरी बांधून घेतली आणि अंगणात आले, तर आई दाराशी उभी. हातात काळा दोरा. दारावरच्या तोरणातली एक लोंबी तिने खुडून घेतलेली होती. माझ्या हातातून फोन घेऊन ती शांतपणे दोरा गुंडाळायला लागली.

मी चक्रावलेच. "आई! अगं हे तर तूच रचलंस ना? धोंड्यावर बसून, माझ्यासमोर!"

"व्हय. मीच रचलं."

"खोटं आहे हे तुला माहीत आहे ना?"

"मला न्हाई तर कुनाला ठावं आसनार?"

"मग बांधतेस कशाला?"

तिने दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. गाठ मारून झाल्यावर तिने एकदा माझ्या ओरखडलेल्या हातांकडे आणि एकदा वर सड्याकडे बघितलं.

"तुझ्या त्या फोनात दुनियेनं काय काय रचून ठिवलंय त्ये मला ठावं न्हाई, शितल. तुलाबी न्हाई. त्यात ह्ये येकच हाय, ज्ये कुनी रचलं त्ये मला ठावं हाय. त्ये तुझ्यासंगं आसू दे."

मग तिने गाठ ओढून बघितली, परत एकदा ओढून बघितली, आणि फोन माझ्या हातात दिला.